प्लेन टेक्स्ट नोट्सना डाउनलोड केलेल्या फाइली कशा जोडता? लिंका तुटू नयेत असं काही सुचवा

पांझराकाठ, धुळे

राम राम मंडळी. माझ्या सगळ्या नोट्स साध्या टेक्स्ट फाइलींत आहेत. लॅपटॉपवर लिनक्स मिंट आणि ईमॅक्स या एडिटरचा ऑर्ग मोड (शीर्षकांखाली टेक्स्ट नोट्स मांडायची सोय), घरच्या विंडोज मशीनवर ऑब्सिडियन हे मार्कडाउन (साध्या खुणांचा मजकूर) नोट्सचं ॲप, आणि दोन्हीकडचं फोनवर सिंकथिंगने, म्हणजे सगळ्या मशीनवर फाइली सारख्या ठेवणाऱ्या प्रोग्रॅमने, येतं. नोट्स मजकुराच्या असल्या तरी त्यांना जोडायच्या फाइली पुष्कळ: शासन निर्णयांच्या पीडीएफ, जिल्ह्याची कृषी हवामान सल्ला पत्रकं, खानदेशावरची जुनी स्कॅन केलेली पुस्तकं, अधूनमधून एखादं वेबपान.

सध्या नोटमध्ये फाइलीचा पूर्ण पाथ लिहितो आणि तो डाउनलोड्स फोल्डरकडे जातो. डाउनलोड्स साफ केलं की लिंक मेली. फोनवर तर ती कधीच उघडत नाही. शासन निर्णयाच्या फाइलीचं नाव म्हणजे नुसती आकड्यांची माळ. हवामान पत्रकाचा पत्ता तोच राहतो, आतलं पत्रक बदलतं, त्यामुळे जुन्या नोटमधली लिंक भलतंच पत्रक दाखवते.

विचारायचं एवढंच: फाइल ठेवायची कुठे, नाव काय द्यायचं आणि नोटमध्ये काय लिहायचं? ऑर्गमध्ये पत्ता देऊन फाइल थेट जोडता येते म्हणतात, ते भरवशाचं आहे का? आते तुम्हीच सांगा, काय करानं.

गिरणाथडी, चाळीसगाव

डाउनलोड्स म्हणजे एसटी स्टँड आहे भाऊ, तिथे कोणी मुक्कामाला राहत नाही. नोटमधली लिंक तिकडे दाखवायचीच नाही. फाइल नोट्सच्या फोल्डरच्या आत आली पाहिजे आणि लिंक सापेक्ष पाहिजे, म्हणजे मूळ फोल्डरपासून नव्हे, नोटपासून मोजलेली. मग अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर टाका, फोनवर न्या, लिंक टिकते.

ऑर्गमध्ये हे काम ऑर्ग-अटॅच करतं. शीर्षकावर कर्सर ठेवा, कंट्रोल-सी, कंट्रोल-ए. खाली अक्षरांची यादी येते. त्यातली कामाची:

यू – पत्ता विचारतो, फाइल उतरवतो, त्या शीर्षकाला जोडतो.
एम – आधीच उतरवलेली फाइल हलवून आणतो.
सी – प्रत आणतो, मूळ जागची तशीच राहते.
ओ – जोडलेली फाइल उघडतो.
छोटा एफ – फोल्डर उघडून दाखवतो.
झेड – फोल्डरात हाताने काही टाकलं किंवा काढलं असेल तर शीर्षकावरचा अटॅच टॅग त्याप्रमाणे लावतो किंवा काढतो.

पहिल्यांदा जोडलं की शीर्षकाला एक आयडी मिळतो आणि ऑर्ग फाइलीशेजारी 'डेटा' नावाचा फोल्डर तयार होतो. आयडीची पहिली दोन अक्षरं एक फोल्डर, उरलेली त्याच्या आतला फोल्डर, आणि त्यात तुमची फाइल. ऑर्ग-अटॅच-स्टोअर-लिंक-पी या सेटिंगला 'अटॅच्ड' ही किंमत द्या. मग जोडल्यावर लगेच कंट्रोल-सी, कंट्रोल-एल दाबलं की लिंक तयार मिळते. तिची सुरुवात 'अटॅचमेंट' शब्दाने होते आणि पुढे फक्त फाइलीचं नाव असतं, पाथ नसतो. नोटचं शीर्षक बदला, वरखाली करा, लिंकला फरक पडत नाही.

आता भरवशाचं. यू ची गंमत अशी की फाइलीचं नाव तो पत्त्याच्या शेवटच्या तुकड्यावरून घेतो. पत्ता सरळ असेल, शेवटी फाइलीचं नाव असेल, तर ठीक. प्रश्नचिन्ह आणि आयडी क्रमांक असलेला असेल, तर नावही तसलंच येतं. दुसरं, ब्राउझरमध्ये तुम्ही लॉगिन केलेलं ईमॅक्सला ठाऊक नसतं, त्याच्याकडे त्या कुकीज नाहीत. लॉगिनमागची फाइल मागितली तर लॉगिनचं पान फाइल म्हणून येऊन बसतं. म्हणून सरळ पत्त्यांसाठी यू, बाकी सगळं ब्राउझरने उतरवून एम. मी तर यादीतल्या ए लाही (नेहमीच्या पद्धतीने फाइल जोडणाऱ्या अक्षरालाही) हलवायला लावलंय: ऑर्ग-अटॅच-मेथडची मूळ किंमत सीपी, ती एमव्ही करायची. डाउनलोड्स आपोआप रिकामं राहतं.

सिमलिंकचा (फाइल न आणता तिच्याकडे नुसतं बोट दाखवण्याचा) पर्याय यादीत दिसेल, त्याच्या नादी लागू नका. सिंकथिंग सिमलिंकमागची फाइल पाठवत नाही. हार्ड लिंक (त्याच फाइलीला दुसरं नाव) एकाच डिस्क-पार्टिशनवर चालते, पलीकडे नाही.

आणखी एक खोच. 'डेटा' फोल्डर ज्या फोल्डरात ऑर्ग फाइल आहे त्याच्या आत धरला जातो. एक शीर्षक उचलून दुसऱ्या फोल्डरातल्या ऑर्ग फाइलीत रिफाइल केलं, तर आयडी सोबत गेला पण फाइली मागे राहिल्या. एक तर सगळ्या ऑर्ग फाइली एकाच फोल्डरात ठेवा, नाहीतर ऑर्ग-अटॅच-आयडी-डिर ला एक ठरावीक पूर्ण पाथ द्या. दुसरा उपाय प्रत्येक मशीनवर वेगळा लिहावा लागतो.

रावेरची केळी

गिरणाथडी दादांचं पटलं, फक्त ते लांबलचक आयडीचे फोल्डर मला पटत नाहीत. ईमॅक्स हाताशी असेल तोवर ठीक. फोनवर फाइल मॅनेजर उघडला की '३एफ', '९सी', 'बी१' असे शंभर फोल्डर, आत काय ते देवाला ठाऊक. पांझराकाठ भाऊंना फोनवर वाचायचंय, आणि विंडोजवर ऑब्सिडियन. त्यांनी डोळ्यांना वाचता येतील असेच फोल्डर ठेवावेत.

ऑर्ग न सोडता हे जमतं. त्याच यादीत छोटा एस आहे, तो त्या शीर्षकासाठी तुम्ही सांगाल तो फोल्डर ठरवतो आणि डिर या प्रॉपर्टीत लिहून ठेवतो. डिर असेल तर ऑर्ग आयडीकडे बघत नाही. सापेक्ष पाथ द्या.

मांडणी अशी ठेवा. नोट्सच्या मूळ फोल्डरात 'जोड' नावाचा एकच फोल्डर. त्यात विषयवार तीन-चार उपफोल्डर: शासन, हवामान, इतिहास, पाने. बस. त्याच्या आत आणखी पोटफोल्डर करत बसू नका. वर्गवारी करायला नोट्स आहेतच, फाइलींचं नाव नीट दिलं की झालं.

उतरवताना ब्राउझरमध्ये 'प्रत्येक फाइल कुठे सेव्ह करायची ते विचार' ही सेटिंग चालू करा. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींत आहे. त्याच खिडकीत नाव बदलता येतं. डाउनलोड्सचा फेराच वाचतो.

टर्मिनलवरून करायचं तर कर्ल (पत्ता दिला की फाइल उतरवणारी आज्ञा). त्याला चार गोष्टी सांगायच्या:

मोठा एल, म्हणजे पत्ता दुसरीकडे वळवला असेल तर कर्ल त्या नव्या पत्त्यावर जातो. हा नसेल तर रिकामी किंवा दोन ओळींची फाइल मिळते.
छोटा एफ, म्हणजे सर्व्हरने ४०४ किंवा ५०० म्हटलं तर फाइल बनवत नाही. हा विसरला की चुकीच्या संदेशाचं पान 'निर्णय' म्हणून साठतं.
मोठा आर, म्हणजे फाइलीची तारीख सर्व्हरवरची राहते, आजची पडत नाही.
छोटा ओ आणि पुढे तुमचं नाव.

सर्व्हरने सुचवलेलं नाव हवं असेल तर मोठा ओ आणि मोठा जे एकत्र. डब्ल्यूगेट या तशाच दुसऱ्या आज्ञेत त्यासाठी कंटेंट-डिस्पोझिशन हा पर्याय आहे. पण सर्व्हरची नावं बहुतेक वेळा कामाची नसतात, स्वतःचंच द्या.

मोठ्या स्कॅनसाठी डब्ल्यूगेट आणि छोटा सी. लाइट गेली, नेट तुटलं, तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की राहिलं तिथून पुढे उतरवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात हे लागतंच. फक्त एक पथ्य: मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली असेल तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी गोधडी होते.

पद्मालय, एरंडोल

नावाबद्दल मी सांगते, कारण मराठी नावांत असे खड्डे आहेत की दिसत नाहीत आणि पाय मात्र त्यातच पडतो.

पहिली गोष्ट लांबी. लिनक्सच्या ईएक्सटी४ या डिस्कच्या मांडणीत फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, अक्षरांची नव्हे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. 'शेतकऱ्यांसाठी' हा एकच शब्द १३ चिन्हांचा, ३९ बाइटचा. शासन निर्णयाचा विषय जसाच्या तसा नावात चिकटवला तर मर्यादा सहज ओलांडते. विंडोजवर मोजणी वेगळी आहे, तिथे नावाला २५५ चालतात, पण बऱ्याच जुन्या प्रोग्रॅमना पूर्ण पाथ २६०च्या आत लागतो. वेबच्या पत्त्यात तर याहून वाईट: प्रत्येक चिन्हाचे टक्क्याच्या खुणांसकट ९ अक्षरं होतात, 'शेतकऱ्यांसाठी' ११७ जागा खातो. ब्राउझरने ते उलगडलं नाही तर फाइलीचं नाव म्हणजे नुसता टक्क्यांचा बाजार.

दुसरी गोष्ट तो ऱ्य. हा तीन तऱ्हांनी टाइप होतो आणि तिन्ही सारखेच दिसतात. एक, ऱ हे स्वतंत्र चिन्ह, इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि जे. दोन, साधा र आणि खाली नुक्ता. तीन, र, हलन्त, मग न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर. पहिल्या पद्धतीने 'शेतकऱ्यांसाठी' ३९ बाइटचा, बाकी दोन्हींनी ४२चा. लिनक्सच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावं. लॅपटॉपवर एक तऱ्हा, फोनच्या कीबोर्डवर दुसरी असेल, तर नोटमधली लिंक बरोबर दिसूनही उघडत नाही आणि माणूस डोकं खाजवत बसतो. तपासायचं असेल तर फोल्डरची यादी एक्सएक्सडी मधून बघा, बाइट दिसतात. पहिल्या दोन तऱ्हा कन्व्हएमव्ही हा प्रोग्रॅम एनएफसी पर्यायाने एकसारख्या करतो (तो आधी नुसतं दाखवतो, खरं नाव बदलायला नोटेस्ट म्हणावं लागतं). तिसरी तऱ्हा मात्र त्यानेही बदलत नाही, जॉइनर हाताने काढून ऱ घालावा लागतो.

यावर लिंक कधीही हाताने टाइप करू नका, हा सोपा उपाय. ऑर्गमध्ये कंट्रोल-सी, कंट्रोल-एल, ऑब्सिडियनमध्ये दोन चौकटी कंस उघडून यादीतून निवडणं. नाव प्रोग्रॅमला उचलू द्या.

तिसरी गोष्ट, आकडे. इथे आपण देवनागरी आकडे लिहितोय ते ठीक, फाइलीच्या नावात तारीख इंग्रजी आकड्यांतच ठेवा. दोन्ही मिसळले की यादीत दोन वेगळे गट पडतात आणि तारखेने क्रम लावण्यात अर्थ राहत नाही. क्रम वर्ष, महिना, दिवस, मध्ये आडवी रेघ.

आणि नावात रिकामी जागा नको. मार्कडाउनची साधी लिंक रिकाम्या जागेवर तुटते, मग कोनी कंस घाला किंवा टक्का-वीस लिहा, ही कटकट. क्रोमवर तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली की तो नावापुढे रिकामी जागा सोडून कंसात १ घालतो, तिथेही हेच होतं. प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, तारा, उभी रेघ, दुहेरी अवतरण ही चिन्हं लिनक्सवर चालतात, विंडोजवर चालत नाहीत. सिंक होताना अशी फाइल विंडोजकडे जातच नाही आणि तिकडे तिची उणीव पटकन ध्यानात येत नाही.

पांझराकाठ, धुळे

ताई, ऱ्यचं भारी निघालं. 'शेतकऱ्यांच्या' नावाच्या दोन फाइली एका फोल्डरात कशा, हे कोडं होतंच.

मांडणी रावेरवाल्या भाऊंची घेतो. दोन प्रश्न राहिले. शासन निर्णयाची एक पीडीएफ उतरवली ती ९ केबीची आहे आणि उघडत नाही. आणि जिच्यावर डिजिटल सहीची चौकट आहे तिचा आकार कमी करून ठेवली तर चालेल का? जागा वाचेल.

सातपुड्याखाली, शहादा

९ केबीची ती पीडीएफ नाहीच. एचटीएमएलचं पान आहे, शेपूट पीडीएफचं लागलंय. टर्मिनलमध्ये फाइल ही आज्ञा द्या, 'एचटीएमएल डॉक्युमेंट' म्हणून सांगेल. किंवा टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. खऱ्या पीडीएफची सुरुवात टक्क्याची खूण आणि पीडीएफ या तीन अक्षरांनी होते. तुमच्या फाइलीत 'सेशन संपलं' किंवा 'पान सापडलं नाही' असलं काहीतरी निघेल. बऱ्याच सरकारी साइटींवर लिंक थोडाच वेळ जिवंत असते, पान पुन्हा उघडून तिथूनच उतरवावी लागते. उतरवल्याबरोबर एकदा उघडून बघणे, याला दुसरा इलाज नाही.

आकार कमी करू नका. डिजिटल सही फाइलीच्या बाइटवर असते. कॉम्प्रेस केली, 'प्रिंट टू पीडीएफ' केली, दोन पीडीएफ जोडल्या, की सही एक तर अवैध दाखवते नाहीतर उरतेच कुठे, नुसतं चित्र राहतं. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यालाही हेच लागू. मूळ फाइल आहे तशी ठेवा, वर लिहिण्याचा अधिकारही काढून टाका म्हणजे चुकून सेव्ह होणार नाही. हिरव्या-पिवळ्या खुणा करायच्या असतील तर प्रतीवर करा.

ओसीआरचंही (स्कॅनमधून मजकूर काढण्याचंही) तसंच. ओसीआर-माय-पीडीएफ आता सही असलेली फाइल दिसली की स्वतःच थांबतो, मुद्दाम सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. तो थांबला तर जबरदस्ती करू नका, प्रतीवर चालवा. भाषा मराठीसाठी 'एमएआर', आणि साइडकार पर्याय दिला की मजकूर वेगळ्या टेक्स्ट फाइलीत मिळतो. तो मजकूर नोट्सच्या शोधात येतो, हा खरा फायदा.

कारण हे लक्षात ठेवा: टेक्स्ट नोट्सचा शोध पीडीएफच्या आत जात नाही. रिपग्रेप-ऑल नावाचा प्रोग्रॅम जातो, पण जुन्या मराठी पीडीएफ यूनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये केलेल्या असतात, त्यांतून मजकूर काढला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. अशा फाइलीला नोटमध्ये स्वतःच्या शब्दांत दोन-तीन ओळी लिहिल्याशिवाय ती पुन्हा सापडत नाही.

नोटमध्ये काय लिहायचं, याचं उत्तर कोणी दिलं नाही. किमान एवढं:

लिंक – जोड फोल्डरातली
मूळ पत्ता – ज्या पानावर लिंक होती ते पान आणि फाइलीचा थेट पत्ता, दोन्ही
उतरवल्याची तारीख
संकेतांक – शासन निर्णय असेल तर
हॅश – फाइलीच्या बाइटवरून निघणारा ठसा, एसएचए-२५६ची पहिली आठ-दहा अक्षरं पुरतात
दोन ओळी – आत काय आहे

शासन निर्णयाची ती आकड्यांची माळ फेकू नका. तो संकेतांक आहे. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असतात, आणि साइटवर निर्णय पुन्हा शोधायला तोच सगळ्यात उपयोगी. नावात सुरुवातीला वाचता येईल अशी तारीख, खातं, दोन-तीन शब्दांत विषय, आणि शेवटी संकेतांक. अंकांना एकच बाइट लागतो, जागा फार जात नाही.

मूळ पत्ता नोटमध्येच लिहायचा, फाइलीच्या अंगावर राहील या भरवशावर राहू नका. विंडोज तो झोन-आयडेंटिफायरमध्ये ठेवतं, मॅक आपल्या मेटाडेटात, कर्ललाही एक्सअॅटर पर्यायाने ठेवायला सांगता येतो. पण फॅट३२ पेनड्राइव्हवरून एक चक्कर झाली की सगळं झडतं. टेक्स्ट नोटमधली ओळ झडत नाही.

वाघूर, जामनेर

हवामान पत्रकाचं राहिलंच की. जिल्ह्याचं कृषी हवामान सल्ला पत्रक आठवड्यातून दोनदा निघतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. पत्ता तोच आणि आतली फाइल बदलत असेल, तर नावात तारीख घालून प्रत्येक वेळी वेगळी प्रत ठेवणं एवढंच आपल्या हातात.

इथे डब्ल्यूगेटचा मोठा एन वापरू नका. तो 'सर्व्हरवरची नवी असेल तरच आण' म्हणतो, पण आणताना जुनीवरच लिहितो. जुनं पत्रक गेलं. मोठा एन आणि मोठा ओ जोडीने द्याल तर तेही जमत नाही, तो तशी ताकीद देतो. कर्ल बरा, ओ च्या पुढे तारखेची आज्ञा घालून नाव बनवायचं.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीत) टाकताना वाराच्या रकान्यात २ आणि ५, वेळ संध्याकाळची. आणि इथे हमखास फसगत होते: क्रॉनच्या ओळीत टक्क्याच्या खुणेला वेगळा अर्थ आहे, तिथे ओळ तुटते. तारखेच्या फॉरमॅटमध्ये टक्का असतोच. त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा सगळं एका स्क्रिप्टमध्ये घालून क्रॉनमधून फक्त स्क्रिप्ट चालवा. टर्मिनलवर चालतं, क्रॉनमध्ये चालत नाही, अशी तक्रार असली की आधी टक्का बघायचा, मग पाथ.

लॅपटॉप त्या वेळी बंद असेल तर क्रॉन ती फेरी सोडून देतो. त्याऐवजी लिनक्सच्या सिस्टमडीचा टायमर करून त्यात पर्सिस्टंट चालू केलं तर मशीन सुरू झाल्यावर राहिलेली फेरी पूर्ण करतो.

सुट्टी आली, पत्रक उशिरा आलं, तर आधीचंच पुन्हा उतरतं. शेवटी सीएमपीने आधीच्या प्रतीशी ताडून बघा, सारखी असेल तर नवी काढून टाका. नाहीतर कापसाच्या हंगामात एकच सल्ला तीन तारखांनी फोल्डरात बसतो, आणि तो कोणत्या आठवड्याचा यावर वाद.

भुसावळ जंक्शन

ऑब्सिडियनपुरतं. सेटिंगमध्ये फाइल्स अँड लिंक्स. जोडण्यांची जागा 'खाली दिलेल्या फोल्डरात', आणि तिथे 'जोड'. लिंकचा प्रकार सापेक्ष पाथ. विकीलिंक (दोन चौकटी कंसांची लिंक) बंद केलं तर लिंका साध्या मार्कडाउनच्या होतात, दुसऱ्या एडिटरातही उघडतात. चालू ठेवलं तर लिहायला सोपं. तुमचं अर्धं ऑर्गमध्ये आहे, बंदच ठेवा. फाइलीचं नाव बदलायचं असेल तर ऑब्सिडियनच्या आतून बदला, लिंका तो स्वतः दुरुस्त करतो. एक्सप्लोररमधून बदललं तर त्याला पत्ता लागत नाही.

वेब क्लिपरने पान घेतलं तर मजकूर नोटमध्ये येतो, चित्रं मात्र मूळ साइटवरच राहतात, नुसती लिंक असते. साइट बंद, चित्रं गेली. कमांड यादीत 'या फाइलीच्या जोडण्या उतरवा' अशा अर्थाची आज्ञा आहे, क्लिप केल्यावर लगेच ती द्या.

पान जसंच्या तसं हवं असेल तर सिंगलफाइल हे एक्स्टेन्शन. एकच एचटीएमएल होते, चित्रं आतच बेस६४ (चित्राचं अक्षरांतलं रूप) करून भरलेली, त्यामुळे चित्रांचा आकार सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. ब्राउझरचं 'संपूर्ण पान सेव्ह' टाळा, तो एक फाइल आणि एक फोल्डर अशी जोडी करतो आणि हलवाहलवीत जोडी फुटते. शिवाय महत्त्वाचं पान वेबॅक मशीनवरही (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर) सेव्ह करून त्याचा पत्ता नोटमध्ये लिहा. त्या पत्त्यातले १४ आकडे म्हणजे तारीख आणि वेळच असते. तिथली पीडीएफ उतरवताना आकड्यांच्या लगेच पुढे आयडी आणि खालची रेघ जोडली, तर वेबॅकची पट्टी न लागलेली मूळ फाइल मिळते.

गिरणाथडी, चाळीसगाव

जुन्या पुस्तकांचं थोडं वेगळं आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बारावा खंड खानदेशचा, १८८०चा. भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग भिल्ली भाषा आणि खानदेशीचा, १९०७चा. असली पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर एकाहून अधिक स्कॅनमध्ये असतात. कोणता स्कॅन घेतला ते नोटमध्ये असलंच पाहिजे, म्हणजे त्या नोंदीचा ओळखशब्द, जो पत्त्यात 'डिटेल्स' नंतर येतो. एका स्कॅनमध्ये नकाशा अर्धवट दुमडलेला असतो, दुसऱ्यात दोन पानं गायब.

पान क्रमांक दोन लिहा, छापील आणि पीडीएफचा. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, नकाशे यांमुळे दोन्हींत दहा-वीसचा फरक पडतो. नोटमध्ये नुसतं 'पान २४०' असेल तर ते कोणतं, यावर नंतर अर्धा तास जातो. ऑर्गमध्ये डॉकव्ह्यू (ईमॅक्समध्येच पीडीएफ दाखवणाऱ्या) लिंकला शेवटी अपूर्णविराम दोनदा देऊन पान क्रमांक लिहिता येतो, ऑब्सिडियनमध्ये नावापुढे हॅश आणि पेज बरोबर अमुक. दोन्हीकडे पीडीएफचा क्रमांक लागतो, छापील नव्हे.

प्रत्येक नोंदीच्या डाउनलोड फोल्डरात एक्सएमएल यादी असते, तिच्यात प्रत्येक फाइलीचा एमडी५ आणि एसएचए-१ दिलेला असतो. दीडशे एमबीची फाइल तुटत-तुटत उतरवली असेल तर हॅश ताडून बघा, गोधडी झाली असेल तर तिथेच कळेल.

आणि नोट्स गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) असतील तर हे स्कॅन गिटमध्ये घालू नका. बायनरी फाइल एकदा आत गेली की नंतर काढली तरी इतिहासात पूर्ण राहते. गिटहब तर ५० एमबीच्या वर इशारा देतो आणि १०० एमबीच्या वर घेतच नाही. 'जोड/इतिहास' हा फोल्डर गिटइग्नोरमध्ये घाला आणि त्याचा बॅकअप वेगळा घ्या. हॅश नोटमध्ये लिहिलेला आहेच, त्यामुळे फाइल कुठूनही परत आणली तरी तीच आहे का ते ठरवता येतं.

पांझराकाठ, धुळे

बठ्ठं मिळालं. शेवटचं एक: नोट काढून टाकली तरी फाइल 'जोड' मध्ये पडून राहते. त्या अनाथ फाइली शोधायच्या कशा?

रावेरची केळी

ऑर्ग काय, ऑब्सिडियन काय, शीर्षक किंवा नोट उडवली म्हणून जोडलेली फाइल आपोआप जात नाही, आणि ते बरंच आहे.

छोटी स्क्रिप्ट: 'जोड' मधल्या प्रत्येक फाइलीचं नुसतं नाव घ्यायचं आणि सगळ्या नोट्समध्ये ग्रेपने शोधायचं. ग्रेपला मोठा एफ द्या, नाहीतर नावातल्या टिंबाला आणि चौकटी कंसाला तो पॅटर्न समजतो. जे नाव एकाही नोटमध्ये सापडलं नाही ते यादीत. दोन गोष्टी सांभाळा. मार्कडाउनमध्ये काही ठिकाणी देवनागरी नाव टक्क्यांच्या रूपात लिहिलं गेलं असेल तर ग्रेपला ते सापडणार नाही, ती फाइल उगाच अनाथ ठरेल. आणि पद्मालय ताईंचा ऱ्य इथेही आडवा येतो.

म्हणून यादीतल्या फाइली थेट उडवायच्या नाहीत. 'जोड' च्या बाहेर एका फोल्डरात हलवा, महिनाभर कुठली लिंक तुटल्याचं दिसलं नाही की काढा. लॅपटॉपवरच्या सिंकथिंगमध्ये नोट्सच्या फोल्डरासाठी फाइल व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपणं) चालू ठेवा, ते मुळात बंद असतं. फोनवर चुकून डिलीट झालं तरी लॅपटॉपवर जुनी प्रत राहते.